घरचा लॅप ट्रेनर: पोर्टची मापं काय ठेवावीत?

जेआर२_लातूर
सर्जरीचं दुसरं वर्ष. लवकरच डीआरपीचे (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम) तीन महिने जिल्हा रुग्णालयात, तिथे लॅपवर (लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया) हात बसेल असं वाटत नाही. म्हणून गंजगोलाईतून प्लास्टिकचा डबा आणून बॉक्स ट्रेनर (सरावाची पेटी) केलाय, कॅमेरा मोबाइलचा. हत्याराचं टोक थरथरतं, पेग ट्रान्सफरला (खुंट्यांवरच्या रिंगा उचलून दुसरीकडे ठेवायचा सराव) साडेचार मिनिटं लागतात. चुकतंय कुठे?

टाका_गाठ, नांदेड
आधी मोबाइल काढ. हत्यार हललं की तो फोकस शोधत बसतो. यूएसबी वेबकॅम लाव, ऑटोफोकस बंद ठेव.

थरथर बहुतेक पोर्टमुळे, म्हणजे हत्यारं आत घालायच्या भोकांमुळे. 36 सेंमीचं हत्यार निम्मं आत, निम्मं बाहेर हवं. दोन तृतीयांश आत गेलं की हाताची हालचाल टोकाशी दुप्पट होते. दोन पोर्ट आणि लक्ष्य असा 17 सेंमीचा समभुज त्रिकोण आख. 60 अंशांचा कोन आपोआप मिळतो. कॅमेरा मधोमध. भोकं सैल नकोत, सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून त्याला बारीक चीर दे.

आणि डबा टेबलावर ठेवलास ना? बुटक्या स्टुलावर घे. हँडल कोपराच्या उंचीला आले की खांदे उचलावे लागत नाहीत.

ओटी_नोट्स
वेळेचं म्हणाल तर एफएलएसची (फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी, लॅपची कौशल्य-परीक्षा) मर्यादा 300 सेकंद, त्यात बसताय. सरावाचं लक्ष्य मात्र 48 सेकंद, तेही रिंग बाहेर न पाडता. डावा हात एकट्याने वेगळा चालवा, अडतं तिथेच.

गाठीला दोरा 12 ते 15 सेंमीच. लांब घेतला की वेटोळी होतात आणि टोक सापडत नाही. दोऱ्याचं शेपूट 2 सेंमी ठेवा. पहिला वेढा दुहेरी, पुढचे दोन एकेरी, दिशा आलटूनपालटून. एकाच दिशेने घातले तर गाठ सरकते. स्पंजवर हात बसला की कोंबडीच्या तंगडीची कातडी सोलून बघा. त्या हत्यारांना पुन्हा ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) रस्ता नाही.

जेआर२_लातूर
धन्यवाद सर. माझे पोर्ट 9 सेंमीवर होते! पित्ताशयाचं डिसेक्शन (ते भोवतालापासून सोडवणं) डब्यात जमेल का?

ओटी_नोट्स
हात तयार होईल, नजर नाही. त्यासाठी न कापलेले व्हिडिओ बघा आणि नळ्या बंद करणारी क्लिप लागण्याआधी थांबवा. पित्ताशय आणि यकृताजवळच्या त्रिकोणातली चरबी, तंतू साफ झालेत? पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटलाय? पित्ताशयात जाणाऱ्या नळ्या दोनच? एकाचंही उत्तर डळमळीत असेल तर क्लिप नाही.

टाका_गाठ, नांदेड
डीआरपीला कमी लेखू नकोस. ओपन हर्निया, हायड्रोसील तिथे भरपूर हाताखालून जातील. लॉगबुकात 'असिस्ट' आणि 'देखरेखीखाली स्वतः' वेगळं लिही, सही त्याच दिवशी घे.