सौर-पवन ऊर्जेला सरकारी आधार: अनुदान महत्त्वाचे की दराची हमी?

अर्थजिज्ञासा:
सौर आणि पवन ऊर्जा आता कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त पडते असे वारंवार वाचनात येते, आणि त्याच लेखात पुढे या क्षेत्राला सरकारी पाठबळ मिळालेच पाहिजे असेही आग्रहाने लिहिलेले असते. वीज खरोखरच स्वस्त असेल, तर तिला आधाराची गरज का भासावी? दुसरी शंका अशी की, जर्मनी आणि स्पेन या दोन्ही देशांनी उत्पादकांना ठरावीक दराची हमी दिली होती, तरी एकाचे धोरण आदर्श म्हणून सांगितले जाते आणि दुसऱ्याचे फसलेले म्हणून. नेमका फरक कुठे पडला, हे कोणी समजावून सांगितल्यास उपकृत होईन.

माजी कर्ज अधिकारी:
आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर व्याजदरात आहे. औष्णिक केंद्राचा मोठा खर्च इंधनाचा असतो आणि तो वीज विकली जाईल तसतसा होत राहतो. सौर किंवा पवन प्रकल्पात इंधनाचा खर्च शून्य असतो, परंतु जवळजवळ सगळे भांडवल पहिल्याच दिवशी घालावे लागते, आणि ते बहुतांशी कर्जाऊ असते. समजा, प्रकल्पाला १०० रुपये लागले आणि ते वीस वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडायचे आहेत. व्याज ५ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे ८ रुपये होतो, १० टक्के असेल तर पावणेबारा रुपये. फलक तेच, ऊन तेच, पण विजेचा खर्च जवळजवळ दीडपट झाला. व्याज किती लावायचे हे बँक जोखीम पाहून ठरवते, आणि या व्यवसायातली सर्वांत मोठी जोखीम म्हणजे पुढची वीस वर्षे ही वीज कोण, कोणत्या दराने घेणार याची अनिश्चितता. ती जोखीम उचलण्याची ताकद सरकारइतकी दुसऱ्या कोणातही नसते.

मी अनेक वर्षे असे कर्जप्रस्ताव तपासले आहेत. फलकांची कार्यक्षमता सांगणारी पाने मी सर्वांत शेवटी वाचत असे. आधी वीजखरेदी करारातील दोन कलमे शोधायची: खरेदीदाराने बिले थकवली तर काय, आणि कायदा बदलला तर नुकसान कोणी सोसायचे. एका प्रस्तावात जागा उत्तम होती, प्रवर्तक अनुभवी होते, मात्र दुसरे कलम करारात नव्हतेच. आम्ही व्याज दीड टक्क्याने वाढवून सांगितले आणि तो प्रकल्प तिथेच थांबला. त्या प्रकल्पाला रोख अनुदानाचा एक पैसाही नको होता, करारात एक परिच्छेद हवा होता.

आता जर्मनी आणि स्पेनविषयी. जर्मनीने २००० च्या कायद्याने वीस वर्षांचा हमीदर दिला. तो नव्या प्रकल्पांसाठी टप्प्याटप्प्याने कमी होत गेला, पण ज्याला जो दर एकदा मिळाला तो त्याच्याकडे कायम राहिला. स्पेनने २००७ मध्ये सौर ऊर्जेसाठी अतिशय उदार दर जाहीर केला. नियोजन सुमारे ४०० मेगावॅटचे होते, आणि एकट्या २००८ मध्ये अडीच हजार मेगावॅटहून अधिक क्षमता उभी राहिली. त्यातच ग्राहकांचे वीजदर खर्चापेक्षा कमी ठेवण्याची तिथली प्रथा जुनी होती, त्यामुळे दरवर्षी तूट साचत गेली. ही तूट केवळ सौर ऊर्जेमुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण तिची सुरुवात आधीच झालेली होती; पण २०१३ पर्यंत ती २५ अब्ज युरोंच्या पलीकडे गेली आणि सरकारने चालू प्रकल्पांचेही दर बदलले. त्यानंतर परदेशी गुंतवणूकदारांनी आंतरराष्ट्रीय लवादाकडे डझनावारी दावे दाखल केले. माझ्या मते दर जास्त ठेवणे ही सुधारता येण्याजोगी चूक होती. दिलेला शब्द मागे घेणे ही अधिक महाग पडणारी चूक, कारण त्यानंतर सावकार त्या देशातील प्रत्येक नव्या हमीवरही जादा व्याज लावतो.

भारप्रेषण:
वरील विवेचनात एक भर घालतो. दर युनिटला ठरावीक रक्कम मिळत राहिली, तर उत्पादक वीज कधी लागते याचा विचारच करत नाही. भर दुपारी सगळे सौर प्रकल्प एकदम वीज ओततात आणि बाजारभाव शून्याखाली जातो. जर्मनीत २०२४ मध्ये असे ४५७ तास नोंदले गेले. २०२५ पासून तिथे नव्या सौर प्रकल्पांना उणे भावाच्या काळात हमीदर मिळत नाही, आणि हा बदल योग्यच आहे. यापुढचा सरकारी पैसा पारेषण वाहिन्या आणि साठवणुकीकडे वळायला हवा, असे नियंत्रण कक्षात बसणाऱ्या माणसाला मनापासून वाटते.

अर्थजिज्ञासा:
दोघांचेही आभार. मग हमीचा भार करातून उचलावा की वीजबिलातून?

ग्राहकपक्ष:
बिलातून उचलला तर त्याची झळ गरिबाला अधिक लागते, कारण त्याच्या उत्पन्नातील विजेचा वाटा मोठा असतो. जर्मनीत हा अधिभार २०१७ मध्ये प्रतियुनिट ६.८८ सेंटपर्यंत चढला होता. जास्त वीज वापरणाऱ्या उद्योगांना त्यातून मोठी सूट होती, तेव्हा त्यांचा वाटाही घरगुती आणि लहान ग्राहकांच्या बिलावर आला. जुलै २०२२ पासून तो अधिभार शून्यावर आणून खर्च केंद्रीय निधीतून केला जाऊ लागला. मला ही व्यवस्था अधिक न्याय्य वाटते. मात्र सरकारी तिजोरीवर विसंबण्यात दुसरा धोका आहे. अमेरिकेतील पवन ऊर्जेची करसवलत १९९२ पासूनची, पण तिची मुदत पुनःपुन्हा संपत असे आणि ती वाढवायची की नाही यावर संसदेत घोळ चाले. २०१२ च्या अखेरीस ती संपणार म्हणून त्या वर्षी घाईघाईने १३ हजार मेगावॅटची उभारणी झाली, तर २०१३ मध्ये जेमतेम एक हजाराची. असे एक वर्ष रिकामे गेले की पाती बनवणारे कारखाने कामगार कमी करतात, आणि पुढच्या वर्षी मागणी आल्यावर ती कुशल माणसे परत मिळतीलच असे नसते.

माजी कर्ज अधिकारी:
म्हणूनच मला ब्रिटनची फरक-करार पद्धत विचारात घेण्याजोगी वाटते. लिलावात एक दर ठरतो; बाजारभाव त्याखाली गेला तर उत्पादकाला फरक मिळतो आणि वर गेला तर त्याने तो परत करायचा असतो. २०२२ च्या वायूटंचाईत भाव भडकले, तेव्हा काही पवन प्रकल्पांनी खरोखरच पैसे परत केले. हमीचा भार अशा वेळी ग्राहकाच्या बाजूने फिरतो. तरीही लिलावाची कमाल मर्यादा चुकली तर तीही पद्धत अडते. २०२३ मध्ये समुद्रातील पवन प्रकल्पांसाठी ती, २०१२ च्या किमतींच्या आधारे, मेगावॅट-तासाला ४४ पौंड ठेवली होती. पोलाद आणि व्याज दोन्ही महागले होते, आणि एकही बोली आली नाही. पुढच्या वर्षी मर्यादा ७३ पौंडांवर नेली, तेव्हा बोली आल्या. मधले वर्ष मात्र गेले ते गेलेच.