ब्रायडलवेवर घोड्याला मागून गाठल्यास सायकलस्वाराने काय करावे?

चाकोरी:
नमस्कार. मी इंग्लंडमध्ये सरे काउंटीत राहतो आणि सुटीच्या दिवशी लीथ हिल, हॉम्बरी हिल व पीझलेक या भागात माउंटन बाइक चालवतो. तेथील बऱ्याच वाटा ब्रायडलवे आहेत, म्हणजे पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वार या तिघांनाही खुल्या आहेत. पुढे घोडा दिसला की आमच्या गटात दोन तट पडतात. काही जण घंटी वाजवतात, तर काहींच्या मते घंटीने घोडा बुजतो, म्हणून अजिबात आवाज न करता कडेने निघून जावे. गेल्या रविवारी घंटी वाजताच एक घोडी बुजून वाटेवर आडवी वळली. स्वार बाईंनी तिला सावरले आणि मग आम्हाला चार शब्द सुनावले. कायदा काय म्हणतो आणि प्रत्यक्षात योग्य रीत कोणती, हे जाणकारांनी सांगावे. आमच्यापैकी दोघांकडे ई-बाइक आहेत; त्यांना या वाटांवर परवानगी आहे का?

गिल्डफर्डकर:
मी कायद्यापुरते सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ब्रायडलवेवर सायकल चालवण्याचा हक्क १९६८च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टच्या कलम ३० ने दिला, आणि तो देतानाच सायकलस्वाराने पादचारी व घोडेस्वार यांना वाट द्यावी अशी अटही घातली. त्यामुळे ‘वाट सर्वांची, मग आम्हीच का थांबायचे’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही. सायकलींच्या सोयीसाठी वाट दुरुस्त करण्याचे बंधन या कलमाने कोणावरही घातलेले नाही, म्हणून हिवाळ्यात टापांनी तुडवलेला चिखल उन्हाळ्यात वाळून दगडासारखा झाला, तरी त्याबद्दल घोडेवाल्यांवर रागावण्यात अर्थ नाही. पॅडल मारल्यावरच मदत करणारी, २५० वॉटपर्यंतची आणि ताशी साडेपंधरा मैलांना मोटर बंद होणारी ई-बाइक कायद्याने सायकलच आहे, ती चालते. खांबावरचा बाण मात्र पाहत जा, कारण निळा बाण ब्रायडलवेचा असतो आणि पिवळा फुटपाथचा, म्हणजे फक्त पायी चालण्याच्या वाटेचा, जिथे सायकलीचा हक्क नाही. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, त्यात येथे शिरत नाही.

लगाम:
मी सायकलही चालवते आणि घोड्यावरही बसते, म्हणून खोगिरावरून काय दिसते ते सांगते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण थेट शेपटीमागचे दिसत नाही, आणि तेथून वेगाने काहीतरी प्रकटले की आधी पळायचे आणि मग विचार करायचा हा त्याचा स्वभाव आहे. त्यामुळे गुपचूप कडेने जाणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. हेल्मेट व गॉगल घालून हँडलवर वाकलेली आकृती माणसाची आहे हे पुष्कळ घोड्यांना उमगत नाही; बोलणे ऐकू आले की उमगते.

म्हणून हाकेच्या अंतरावरूनच वेग कमी करा आणि साध्या सुरात ‘हॅलो’ म्हणून किती सायकली आहेत ते सांगा. मग घोड्याच्या कानांकडे पाहा. एक कान मागे वळला, म्हणजे त्याने तुम्हाला ऐकले. पण मान ताठ झाली आणि पावले आखडली, तर तेथेच पाय टेकून उभे राहा. स्वाराने हात केला, तरच चालण्याच्या गतीने, जितके दूर राहता येईल तितके दूरून आणि बोलत बोलत पुढे जा. शेपटीला लाल फीत असेल, तर तो घोडा लाथ झाडतो असे समजावे. हिरवी फीत अननुभवी घोड्याची. पुढे गेल्यावर लगेच जोर लावू नका, नाहीतर घोड्यालाही पाठोपाठ धावावेसे वाटते. तुमचा गट मोठा असेल, तर सर्वांनी एकत्र जावे. मागे राहिलेला एकटा सायकलस्वार दोन मिनिटांनी धडधडत आला की घोडा दुसऱ्यांदा बुजतो आणि बोलणी तो सायकलस्वारच खातो.

उतारप्रेमी:
हे सर्व मान्य आहे, परंतु उतारावर वाऱ्यात माणसाचा आवाज पोहोचत नाही, घंटी पोहोचते. आणि शिस्त काय फक्त आम्हीच पाळायची? अरुंद वाटेवर दोन घोडे शेजारी शेजारी चालवत, गप्पा मारत जाणारे स्वार मी कितीतरी पाहिले आहेत. एका कानात इअरफोन घातलेलेही.

लगाम:
इअरफोन घालणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. शेजारी शेजारी चालण्यामागे मात्र अनेकदा कारण असते: नवख्या घोड्याला धीर यावा म्हणून अनुभवी घोडा त्याच्या बाजूला ठेवतात. घंटीला माझा सरसकट विरोध नाही. वळणापलीकडचे दिसत नसेल, तर ती दुरून जरूर वाजवा, पण घोडा दिसला की घंटी थांबवून बोलायला लागा, कारण सायकली किती आणि कोणत्या बाजूने येणार, हे घंटीवरून स्वाराला कळत नाही. फ्रीहबची, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या भागाची, करकरही लक्षात ठेवा. पॅडल न मारता मागे रेंगाळलात तर ती घोड्याच्या कानाशी सतत चालू राहते. चाकोरी, तुमच्या ई-बाइकवाल्यांना चढाबद्दल मुद्दाम सांगा. चढावर मागून कोणी इतक्या वेगाने येईल अशी घोड्याचीच नव्हे, तर स्वाराचीही अपेक्षा नसते.