मंडळातील मुलांकडे जबाबदारी कशी सोपवावी?

प्रश्न (तासगाव): आमच्या गणेश मंडळात पंधरा ते वीस वयोगटातील तीसेक मुले आहेत. ती कष्टाळू आहेत, परंतु निर्णय दरवेळी आम्ही चार ज्येष्ठच घेतो. त्यांच्यातून पुढचे कार्यकर्ते कसे घडवावेत?

उत्तर (सातारा): वर्गणीच्या हिशेबाची वही त्यांच्याकडे द्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि रोजची कामे स्वतःच करीत. भाषणाच्या स्पर्धांपेक्षा असा अनुभव अधिक शिकवतो.

उत्तर (सांगली): सहमत आहे, मात्र वही देऊन मोकळे होऊ नये. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीतील मुलांनी धान्यवाटप उत्तम केले, परंतु यादी कोणी तपासावी हे न ठरल्याने काही घरांना दोनदा शिधा गेला आणि काही घरे राहिली. त्या रात्री आम्ही न रागावता त्यांनाच यादी पुन्हा करायला लावली.

प्रश्नकर्ता: यंदा विसर्जन मिरवणुकीचे नियोजन आणि खर्च दोन्ही मुलांकडे देतो, आठवड्यातून एकदा हिशेब पाहू.