हौस, गरज, व्यासंग : मोठेपणी फ्रेंच शिकण्याच्या कारणाला शब्द कोणता?

पुणे

मंडळी, एका शब्दासाठी अडले आहे. मी बँकेत नोकरी करते आणि चाळिशीनंतर फ्रेंच शिकायला लागले. आमच्या कार्यालयाच्या दिवाळी अंकात त्यावर चार पानं लिहायची आहेत. ‘का शिकते?’ या प्रश्नाला मी तोंडी उत्तर देते, ‘हौस म्हणून.’ ते ऐकलं की समोरचा ‘अच्छा’ म्हणतो आणि विषय बदलतो. जणू मी भरतकामाचा वर्ग लावला आहे (भरतकामाबद्दलही असं कुणी बोलू नये, पण ते असो). परदेशी जायचं नाही, बढती मिळणार नाही, मुलगी दुसरीच भाषा घेऊन बसली आहे. तरी रोज रात्री जेवणं आटोपली की मी वही उघडते, आणि ती वेळ मला दिवसातली सगळ्यात माझी वाटते. वर्गात हाच प्रश्न आला तेव्हा ‘पूर ल प्लेझीर’ लिहिलं, म्हणजे आनंदासाठी. बाईंना ते पुरलं. मराठीत ‘आनंदासाठी’ लिहिलं तर भाषणातलं वाक्य वाटतं. छंद, आवड, शौक, ओढ, ध्यास, नाद, व्यासंग हे सगळे शब्द लिहून पाहिले. तुम्ही कोणता वापराल, आणि का?

कोल्हापूर

आमच्याकडं याला सरळ नाद म्हणतात. कुस्तीचा नाद, बैलाचा नाद, तसा फ्रेंचचा नाद. नाद लागला की माणूस हिशेब विचारत नाही, आणि गावही विचारत नाही. पुण्यात ‘नादी लागली’ म्हणतील म्हणून भीती वाटत असेल तर गोष्ट वेगळी. पण ‘नादी लागणे’ आणि ‘नाद असणे’ यात फरक आहे. पहिल्यात दुसरा कुणीतरी ओढून नेतो, दुसऱ्यात ओढ आपली असते.

मुंबई

ताई, ‘हौस’ टाकू नका. त्या शब्दाचा प्रवास मोठा आहे. मूळ अरबी ‘हवस’, अर्थ वेड, झपाटलेपण. फारसीतून तो इकडे आला. हिंदीत तो वासनेकडे आणि हावरटपणाकडे झुकला, इतका की आज तिथे चारचौघांत कुणी स्वतःला तो लावणार नाही. मराठीने मात्र त्यातला दाह काढून उत्साह ठेवला. हौसेनं लग्न करतात, हौसेनं डोहाळजेवण करतात, नातवाला हौसेनं पैंजण घालतात. ‘हौसेला मोल नाही’ असं आपण म्हणतो, त्यात खर्चाचं समर्थनही आहे आणि खरा आदरही आहे. एका शब्दाला दोन शेजारी भाषांनी किती वेगळं वाढवलं, ते यात दिसतं.

गंमत अशी की तुम्ही शिकता त्या भाषेतच ‘हौशी’चा जुळा भाऊ आहे. ‘आमातर’. लॅटिन ‘आमातोर’वरून आलेला, म्हणजे प्रेम करणारा. फ्रेंचमध्ये अजूनही संगीताचा ‘आमातर’ म्हणजे संगीतावर जीव असलेला माणूस, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ बिनधंदेवाईक, कधी कधी कच्चा. आपल्याकडेही तेच. ‘हौशी बाई आहे’ ही प्रशंसा, आणि ‘हौशी मंडळी आहेत’ म्हटलं की तालमी कमी झाल्या असाव्यात अशी शंका. राज्य नाट्यस्पर्धेतल्या हौशी रंगभूमीने मात्र तो शब्द पुष्कळ वर नेला. तिथे हौशी म्हणजे दिवसभर कचेरी करून रात्री बारापर्यंत तालीम करणारा माणूस. तुमची वही त्याच जातीची.

आता माझं कारण सांगतो, म्हणजे मी हे का बोलतोय ते कळेल. मला शब्दांच्या व्युत्पत्तीचं वेड पहिल्यापासून. मराठी भाषेच्या घडणीचा पहिला मोठा शास्त्रीय ग्रंथ कुणी लिहिला? झ्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच माणसाने, आणि फ्रेंचमध्ये. १९२० साली तो पॅरिसला छापला गेला. वा. गो. परांजप्यांनी १९४१ साली तो मराठीत आणला, १९७० साली इंग्रजीतही आला. मग मूळ वाचायचा अट्टहास कशाला, असं मला घरातच विचारलं गेलं. कारण हे, की आपल्या ‘चंद्र’मधला च वेगळा आणि ‘चांदणं’मधला च वेगळा, हे आपण जन्मापासून बोलतो, पण कुणी नीट बसून दाखवून दिल्याशिवाय कानाला जाणवत नाही. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला ‘चंद्र’ तालव्य (‘च्य’सारखा) राहिला, बोलण्यातून झिजत आलेला ‘चांदणं’ दंततालव्य (‘त्स’सारखा) झाला. ज्याने हे सगळं बाहेरून, परक्या कानांनी ऐकलं आणि क्रम लावला, त्याचा विचार कसा चालतो ते मला त्याच्याच वाक्यरचनेत पाहायचं होतं. ग्रंथाच्या शेवटी मराठी शब्दांची व्युत्पत्तीसह सूची आहे. ती पानं वाचायला फार फ्रेंच लागत नाही, पण त्याआधीचं प्रकरण समजायला लागतं. म्हणजे मी फ्रेंच शिकलो ते मराठीसाठी. माझ्या कारणाला मी हौसच म्हणतो.

टोरांटो

वरच्या सगळ्या उत्तरांत एक शब्द कुणी घेतलाच नाही, म्हणून लिहिते. गरज. मी फ्रेंच शिकले ती कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी. इथल्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर अर्जदार निवडण्याच्या पद्धतीत, फ्रेंचला जादा गुण आहेत, आणि २०२३पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या निवड-फेऱ्याही निघतात. त्यासाठी ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही गोष्टींत कॅनडाच्या भाषा-मोजणीतली सातवी पातळी लागते. एकात जरी कमी पडलं तरी नाही चालत. माझं लिहिणं आणि वाचणं झालं होतं, पण ऐकणं अडायचं, कारण फ्रेंच माणूस शब्दाचा शेवट पुढच्या शब्दाला चिकटवून बोलतो आणि कान कुठे तोडायचं ते शोधत राहतो. स्वयंपाक करताना, गाडीत, कपड्यांच्या घड्या घालताना बातम्या लावून ठेवल्या, तेव्हा हळूहळू जोड सुटे झाले.

माझा आक्षेप असा : ‘गरज’ शब्दाला आपण खालचा पाट देतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणे. पण ‘गरज’सुद्धा अरबीच, ‘हौस’ आली त्याच फारसीच्या वाटेने आलेला, आणि मूळ अर्थ हेतू, उद्दिष्ट. हिंदीत ‘खुदगर्ज’ म्हणतात त्यात तोच आहे. म्हणजे मुळात गरज म्हणजे लाचारी नव्हे, ठरवलेलं ठिकाण. आम्ही पोटासाठी शिकलो म्हणून आमची भाषा कमी प्रतीची होत नाही. मुलाच्या शाळेतून फ्रेंचमध्ये आलेलं पत्र मी शब्दकोश न उघडता वाचते, त्या वेळी मला कुणाच्याही हौसेचा हेवा वाटत नाही.

पुणे

टोरांटोच्या ताई, हे मनापासून पटलं. ‘गरज’ शब्द माझ्या यादीत नव्हता, कारण माझी गरज नव्हती, एवढंच. जत्रेत आपण हौसे, नवसे, गवसे म्हणतो ना, तसं वर्गातही आहे. शेजारच्या बाकावर नर्सिंग केलेली एक मुलगी बसते, तिचा नवस कॅनडाचा. तिचा गृहपाठ माझ्यापेक्षा चोख असतो.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. आकडे. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, आणि सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात, ‘कात्र-व्हँ-दी-सेत’. वर्गात सगळे कपाळाला हात लावून बसले. मला मात्र माझी आजी आठवली. शाळा न शिकलेली, अंडी आणि नारळ मोजताना ‘चार विसा नि पाच’ म्हणायची. मी लगेच वहीत तिच्या पद्धतीने लिहून काढलं आणि आकडे बसले. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ असे सुटसुटीत शब्द आहेत म्हणे, पण मला आता चार-विसाच हवेत.

नागपूर

माझं मत ‘व्यासंग’ला. वि, आ आणि संग. घट्ट जडून राहणं. संस्कृतात या शब्दाला चांगली आणि वाईट अशी दोन्ही बाजू होती, अति आसक्तीलाही व्यासंग म्हणत. मराठीने चांगली बाजू ठेवली. पण एक अट आहे : व्यासंग दुसऱ्याने म्हणायचा असतो. ‘माझा फ्रेंचचा व्यासंग’ असं स्वतः लिहिलं की वाक्य ताठ होतं. ‘हौस’ स्वतःबद्दल बोलता येते. हा वापरातला फरक कोशात मिळणार नाही.

मी इतिहासासाठी शिकतो. शिवाजी महाराज १६७७ साली दक्षिणेत उतरले तेव्हा फ्रेंच कंपनीचा फ्रांस्वा मार्टिन पाँडिचेरीत होता, आणि त्याने त्या काळाच्या आठवणी तपशिलाने लिहून ठेवल्या. बरोबर शंभर वर्षांनी, १७७७ साली, सँ ल्युबँ हा फ्रेंच वकील पुण्याला पेशवे दरबारी आला आणि नुसत्या त्याच्या येण्याने इंग्रजांची झोप उडाली. महादजी शिंद्यांची कवायती पलटणं उभी करणारा द ब्वान्य सव्हॉय प्रांतातल्या शाँबेरीचा. त्या गावात १८३८ साली त्याच्या नावाने कारंजं बांधलं, त्याला चार ओतीव लोखंडाचे हत्ती आहेत. आल्प्सच्या पायथ्याशी हत्ती का, याचं उत्तर उज्जैन आणि ग्वाल्हेरकडे जातं. हे कागद इंग्रजांच्या चष्म्यातून किती दिवस वाचायचे?

जुनं फ्रेंच वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. आज जिथे ‘ए-आय’ लिहितात तिथे त्या काळी ‘ओ-आय’ असे. ‘होता’ हे क्रियापद आज ‘एते’ वाचतो, जुन्या पानावर ते ‘ओ-आय’ने लिहिलेलं दिसेल. फ्रेंच अकादमीच्या कोशाने १८३५ साली नवी वर्तनी घेतली. आणि ‘सिवागी’सारखं काही दिसलं तर घाबरू नका. त्या भाषेत ‘आय’ किंवा ‘वाय’च्या आधी आलेलं ‘जी’ हे अक्षर झ-सारखं ऐकू येतं, म्हणजे लिहिणाऱ्याने आपल्या कानाशी प्रामाणिक राहूनच महाराजांचं नाव लिहिलं आहे.

रत्नागिरी

आमच्यासाठी ‘ओढ’. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्या मजुरांत आमच्या भागातली पुष्कळ माणसं होती. त्यांची पोरं-नातवंडं तिथे आजही मराठी म्हणवून घेतात, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, कोकणातला जाखडी नाच त्यांच्याकडे ‘झाकरी’ होऊन टिकला आहे. शाळेत मराठी शिकवतात, पण घरात क्रेओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली) आणि वर्तमानपत्र फ्रेंच. तिकडून पाहुणे आले की देवळात हात जोडतात, आरती म्हणतात आणि नंतर आपसात क्रेओलमध्ये बोलतात. आरतीपुरतं आमचं नातं, पुढे मुकं. मला त्यांच्या म्हाताऱ्या आजींशी बोलायचं होतं. पुस्तकी फ्रेंच म्हणजे क्रेओल नव्हे, हे शिकल्यावर लक्षात येतं, पण दार त्याच बाजूने उघडतं. याला हौस म्हणवत नाही. गरजही नाही.

मुंबई

पुण्याच्या ताई, सगळं वाचल्यावर मला वाटतं अडचण ‘हौस’ शब्दात नाहीच, तुमच्या ‘म्हणून’मध्ये आहे. ‘हौस म्हणून शिकते’ यात आपण आपणहून हात झटकतो : सहज, फार काही नाही. ‘हौसेखातर’ म्हटलं तर खर्च आणि तोशीस सोसल्याचा भाव येतो. ‘हौसेनं शिकते’ यात कारण आणि रीत एकत्र येतात, आणि कुणी ‘अच्छा’ म्हणून पुढे जात नाही. प्रत्यय बदलून पाहा.

पुणे

‘मी हौसेनं फ्रेंच शिकते.’ हो, हे बसलं. लेखाचं पहिलं वाक्य हेच ठेवते. रत्नागिरीकरांची ‘ओढ’ त्यांच्याकडेच शोभते, ती मी उचलणार नाही. एकच विचारते : ब्लॉक वाचायचा तर माझ्या पातळीला झेपेल का?

मुंबई

प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका, ती कठीण आहे. परांजप्यांच्या भाषांतरातलं उच्चारांचं प्रकरण आधी वाचा, मग मूळ ग्रंथ शेजारी उघडून तेच प्रकरण परिच्छेदामागून परिच्छेद ताडून पाहा. उदाहरणं सगळी मराठी शब्दांचीच आहेत, त्यामुळे वाक्य हातातून सुटलं तरी शब्द पुन्हा रस्त्यावर आणून सोडतो. अडलं की इथेच विचारा.