स्विफ्टला १७चे अलॉय टाकले, आता स्प्रिंग कापू का?

कांदिवलीची_स्विफ्ट:
नमस्कार मंडळी. २०१९ची स्विफ्ट झेडएक्सआय पेट्रोल, ओरिजिनल टायर १८५/६५ आर१५. दिवाळीत १७ इंची अलॉय रिम आणि २०५/४५ आर१७ टायर टाकले. गाडी दिसते एक नंबर, खाली पार्किंगमध्ये गेलो की अजून दोन मिनिटं बघत उभा राहतो. पण रोज कांदिवली ते बीकेसी हायवेने जातो आणि फ्लायओव्हरचा प्रत्येक जॉइंट थेट पाठीत बसतो, पेव्हर ब्लॉकवर तर बोलूच नका. आईला मणक्याचा त्रास आहे, ती आता म्हणते तू जा गाडीने, मी ट्रेनने येते. हे फार लागलं मनाला. शिवाय चौघं बसले की स्पीडब्रेकरवर मागचं डावं चाक मडगार्डच्या आत घासतं आणि स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की पुढे लायनरला (मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला) लागतं.
अलॉयवाला म्हणतो एक एक कॉइल कापून देतो, मडगार्डमधला गॅप जाईल आणि स्प्रिंग कडक होऊन घासणंही थांबेल. दुसरा मेकॅनिक म्हणतो नरम शॉकअप टाक. नेमकं काय करू?

ठाण्याचा_गॅरेजवेडा:
भाऊ, स्प्रिंग अजिबात कापू नको. कापलेली कॉइल कडक होते हे खरंय, पण तिचं टोक सीटमध्ये नीट बसत नाही आणि खड्ड्यात चाक पूर्ण खाली लटकलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. त्यात ओरिजिनल शॉकअप ओरिजिनल स्प्रिंगच्या हिशोबाने बनलेला, कडक आणि बुटक्या स्प्रिंगवर तो बंप स्टॉपलाच (शेवटच्या रबरी ठोकळ्याला) आदळत राहणार आणि लवकर जाणार.
आता जरा हिशोब बघ. तुझ्या जुन्या टायरची उंची ६२१.५ मिमी, नवीन ६१६.३, म्हणजे गाडी जेमतेम अडीच मिमी खाली आलीय. गॅप वाढलेलाच नाही, रिम मोठी म्हणून डोळ्याला तसं वाटतं. बदललीय ती साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, १२० मिमीची ९२ झाली. ते गेलेले २८ मिमी रबर आणि हवा हीच तुझी पहिली स्प्रिंग होती, जॉइंटचा छोटा तीक्ष्ण दणका तीच खायची. शॉकअप कितीही नरम कर, ते काम त्याच्याकडून तसं होत नाही. उलट चौघं बसल्यावर नरम सस्पेन्शन तळाला लागेल आणि रिम वाकेल.
घासतंय त्याचं कारण बहुतेक ऑफसेट, म्हणजे रिम हबवर टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाजूला आहे ते. रिमच्या आतल्या बाजूला ईटी आणि पुढे आकडा कोरलेला असतो, जुन्या आणि नव्या दोन्ही रिमचा बघ. रुंदी तीच असेल तर ईटी जितका कमी तितकं चाक बाहेर. आणि हो, स्विफ्टचं हब (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) ५४.१ मिमीचं आहे, अलॉयचं भोक त्याहून मोठं असेल आणि मध्ये रिंग नसेल तर ८०-१००ला स्टेअरिंग थरथरणार.
नरम वाटावं म्हणून हवा कमी ठेवतोयस का तेही बघ, एवढ्या पातळ साइडवॉलला खड्ड्यात फुगा यायला वेळ लागत नाही.

सायन_पनवेल_रोजचा:
वरच्या भाऊंशी सहमत. गाडी खाली केली की पुढचा लोअर आर्म वर झुकतो, रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं आणि वळणावर गाडी उलट जास्त कलायला बघते, म्हणजे पैसे घालून हँडलिंग बिघडवायचं. टो (वरून बघितलं तर चाकं किती आत-बाहेर वळलीत तो कोन) पण बदलतो, टायर आतल्या कडेने खातो. पुढे टो सेट करता येतो, मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) आहे, तिथे फिरवायला काही नाही. आणि १६३ मिमी ग्राउंड क्लिअरन्समधले ३० घालवून पावसाळ्यात मुंबईत कुठे नेणार गाडी?

माटुंगा_कॉइलओव्हर:
माझ्या गाडीला कॉइलओव्हर (उंची आणि कडकपणा जुळवता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे सेट) आहेत, ते वाईटच असतात असं नाही, पण सेट करायला जीव लावावा लागतो. मी उंची जवळपास ओरिजिनलच ठेवलीय. आधी शॉकअपच्या कडकपणाचे सगळे क्लिक पूर्ण नरम, मग एकाच रस्त्यावरून, माझा चेंबूरपासून फ्रीवे, एका वेळी दोनच क्लिक वाढवायचे, पुढे मागे वेगवेगळं. गाडी जॉइंटनंतर डोलत राहिली तर रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडताना शॉकअप करतो तो अडथळा) कमी, एकामागोमाग खड्ड्यांत खाली खाली बसत गेली तर रिबाउंड जास्त. स्प्रिंग बसायला दोनेकशे किमी द्यायचे आणि मग अलाइनमेंट. पावसात थ्रेडमध्ये चिखल जाऊन जाम होतात, धुवून ग्रीस ठेवावं लागतं. पण आईच्या पाठीसाठी विचारत असशील तर हा खर्च करू नको, १६वर ये. १९५/५५ आर१६ची उंची ६२०.९, ओरिजिनलपेक्षा मिलिमीटरही कमी नाही, आणि साइडवॉल १०७ मिळते.

वसई_आरटीओ_पेपर:
इन्शुरन्स कंपनीला अलॉयचं लेखी कळवलंय का? क्लेमच्या वेळी अडतं. उंची, स्प्रिंग वगैरे बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला धरूनच निकाल दिलाय.

कांदिवलीची_स्विफ्ट:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गाडी लिफ्टवर घेतली. ईटी जुन्यापेक्षा बराच कमी निघाला, हब रिंग नव्हतीच, आणि मागचा डावा शॉकअप तेल गळतोय! म्हणून तीच बाजू घासत होती. मागचे दोन्ही शॉकअप ओरिजिनलच टाकतोय, १७चे विकायला काढलेत. १९५/५५ आर१६वर लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ८७ आहे, जुन्यावर ८८ होता, चालेल ना?

ठाण्याचा_गॅरेजवेडा:
बिनधास्त. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो, ८८ म्हणजे ५६०. बाहेरच्या देशांत स्विफ्टला कंपनीच १८५/५५ आर१६ देते, त्यांचा ८३ म्हणजे ४८७ किलो. फक्त या वेळी रिम घेताना ईटी बघूनच पैसे दे, आणि फिट झाल्यावर चौघांना बसवून एक स्पीडब्रेकर तिथेच दुकानाबाहेर मारून बघ.