पुरात बुडालेलं सत्र, चाकणची पाच वर्षं: भाचीला परदेशी एमबीएला प्रवेश मिळेल का?

कृष्णाकाठ

भाची मेकॅनिकल इंजिनिअर आहे. सांगलीतूनच 2021 साली बीटेक झाली. सीजीपीए 7.2, पाचव्या सत्रात एक बॅकलॉग, म्हणजे एक विषय राहिलेला. तेव्हापासून चाकणला एका कारखान्यात आहे. तिथे गिअरबॉक्सची ॲल्युमिनियमची हाउसिंग ओततात. ट्रेनी म्हणून लागली, आज क्वालिटीत दोन लाइन तिच्याकडे आहेत. जीमॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, त्यात 645.

गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर एका कन्सल्टंटकडे गेले होते. त्याने कागद पाहिले आणि पाच मिनिटांत निकाल दिला. स्कोअर 700 च्या आत, वर बॅकलॉग, तेव्हा मोठी नावं विसरा. मग स्वतःच्या ओळखीच्या तीन कॉलेजांची यादी पुढे केली. निघताना बॅकलॉगचं कारण विचारलं. ऑगस्ट 2019 मध्ये आमच्या घरात पाणी होतं, आयर्विन पुलाजवळ पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, तिच्या वह्या, लॅपटॉप सगळं गेलं, असं मी सांगितलं. त्याबरोबर तो खुर्चीत पुढे सरकला. म्हणाला, "हेच लिहा. हे चालतं." भाची तिथल्या तिथे म्हणाली, पूर मी लिहिणार नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. त्याने तिची शक्यता चुकीची मोजली. मुळात 645 हा नव्या जीमॅटचा स्कोअर आहे. जुनी परीक्षा जानेवारी 2024 अखेर बंद झाली. नवी 205 ते 805 मध्ये मोजतात आणि तिचा प्रत्येक स्कोअर 5 वर संपतो. नवा 645 म्हणजे जुन्या 700 च्या आसपास. ज्याचा धंदाच हा, त्याला हे माहीत नसावं? की माहीत असून त्याने एका मुलीला खाली बसवलं?

दुसरं म्हणजे, पाच वर्षं तिने काय केलं हे त्याने विचारलंच नाही. तिच्या लाइनवर तिसऱ्या पाळीत रिजेक्शन सात टक्क्यांवर जायचं. सगळे ऑपरेटरला दोष देत होते. ती तीन आठवडे रात्रपाळीला बसली. डायवरचा, म्हणजे ओतायच्या साच्यावरचा, एक स्प्रे नोझल तुंबत होता आणि रात्री मेंटेनन्सचा माणूस नसायचा. डाय चिकटू नये म्हणून ऑपरेटर हाताने जास्तीचं ल्युब (वंगण) मारत होते, त्याचा वायू धातूत अडकून पोरॉसिटी, म्हणजे आत बारीक पोकळ्या, येत होती. तिने रात्रीसाठी मेंटेनन्सचा माणूस मागून घेतला. रिजेक्शन तीन टक्क्यांच्या आत आलं. याला गुण कोण देणार?

हिंजवडीचा पाऊस

मावशी, त्या कन्सल्टंटचा हेतू वाईट असेल, पण निष्कर्ष फारसा चुकलेला नाही. मी दोन वर्षांत सात अर्ज केले, जुना 730 घेऊन. सातही नकार.

हार्वर्डच्या वर्गात साधारण 930 जागा आणि अर्ज नऊ-दहा हजार. स्टॅनफर्डला जागा त्याच्या निम्म्याही नाहीत. वर्गात भारतीय किती घ्यायचे याचा लेखी कोटा नसतो, पण जगभरचे लोक एका वर्गात हवेत म्हटल्यावर भारतातल्या इंजिनिअरची तुलना भारतातल्याच इंजिनिअरशी होते. या गठ्ठ्यात आयआयटीवाले आहेत, मोठ्या कन्सल्टिंग कंपन्यांतले आहेत. हार्वर्डचा मधला स्कोअर गेली काही वर्षं जुन्या 730-740 ला आहे, म्हणजे नव्यात 675-685. तुमच्या भाचीचा 645 आहे. ती हुशार नाही असं मी म्हणत नाही. पण घरच्यांनी "तुझं होईल" म्हणत राहणं किती महाग पडतं ते मी भोगलंय. दोन वर्षं मी बढती नाकारली, "आता जायचंच आहे" म्हणून.

मासकाठ

मी रॉटरडॅमला एक वर्षाचं एमबीए केलं. मीही मेकॅनिकलच. पाऊस, तुमचं दुःख कळतं, पण तुमचा आणि तिचा गठ्ठा एक नाही. आयटीतून येणाऱ्या शंभर अर्जांत "दहा जणांची टीम सांभाळली" हे वाक्य शंभर वेळा असतं. ओतकामाच्या शॉपफ्लोअरवर रात्रपाळी केलेली मुलगी त्या ढिगात क्वचितच दिसते. म्हणून प्रवेश पक्का होत नाही. पण तिचा अर्ज शेवटपर्यंत वाचला जाईल, आणि निम्मी लढाई तिथेच असते.

बॅकलॉगचं फार मनावर घेऊ नका. पाच वर्षांच्या कामापुढे एका विषयाला किती वजन? अर्जात जादा माहितीची जागा असते, तिथे तीन ओळी पुरतात.

माझ्या मते आपल्याकडची माणसं पडतात ती शिफारसपत्रात. साहेब म्हणतो, तूच लिहून आण, मी सही करतो. आपण स्वतःबद्दल गुळगुळीत विशेषणं लिहितो आणि ती वाचणाऱ्याला लगेच कळतात. बऱ्याच कॉलेजांचे त्यातले प्रश्न सारखेच आहेत: त्याच कामातल्या इतरांच्या तुलनेत ही कशी आहे, आणि तुम्ही तिला सुधारणा सुचवली तेव्हा तिने काय केलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उमेदवाराला स्वतः लिहिताच येत नाही. साहेबाचं इंग्रजी मोडकं असू दे. "रिपोर्ट उशिरा द्यायची, मी ओरडलो, पुढच्या महिन्यापासून ऑपरेटरला बरोबर घेऊन मीटिंग करायला लागली" एवढं खरं लिहिलं तरी बास.

निवृत्त शाखाधिकारी

तुम्ही सगळे प्रवेशाची शक्यता मोजताय. मी पस्तीस वर्षं कर्जाचे कागद पाहिले, म्हणून मी परतफेडीची मोजतो.

80 लाख कर्ज धरा. अमेरिकेतल्या दोन वर्षांना तेही पुरत नाही, हार्वर्डची नुसती फीच वर्षाला 75 हजार डॉलरच्या वर आहे. 11 टक्के दराने दहा वर्षांचा हप्ता महिना 1 लाख 10 हजार होतो. शिकतानाचं व्याज वेगळं. साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, आणि सांगलीत तारण म्हणजे राहतं घर.

आता नोकरी. अमेरिकेत शिक्षणानंतर 12 महिने काम करता येतं, कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मोडत असेल तर आणखी 24. पुढे एच-वन-बी या कामाच्या व्हिसाच्या 85 हजार जागांसाठी नशीब. सप्टेंबर 2025 पासून देशाबाहेरून नवा माणूस आणायला कंपनीला 1 लाख डॉलर भरावे लागतात. तिथेच शिकलेल्यांना यातून वाट आहे, पण उद्याचा नियम कोण सांगणार? ब्रिटनमध्ये दोन वर्षांची मुभा जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिन्यांवर येतेय. कृष्णाकाठ, कन्सल्टंट बरोबर की चूक हा तुमचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. प्रवेश मिळाला आणि नोकरी नाही मिळाली, तर हप्ता कोण भरणार?

कृष्णाकाठ

साहेब, आकडे मान्य. पण एक विचारते, राग मानू नका. आमच्याच गल्लीत गेल्या पाच वर्षांत तीन मुलगे परदेशी गेले. तिघांची घरं तारण आहेत. तेव्हा कुणी परतफेडीची शक्यता काढली नाही. हिचा विषय निघाला तेव्हा मात्र सगळ्यांना व्याजदर आठवले, आणि पाठोपाठ "एवढ्यात लग्न होईल" हेही आलं. ही मुलगी पाच वर्षं पगारातून भावाची फी भरतेय. तिच्या परतफेडीवर शंका घेताना जरा थांबा.

निवृत्त शाखाधिकारी

राग नाही. तुम्ही म्हणता तसं होतं, ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलंय. पण माझ्या मुलाला मी हेच आकडे दाखवले होते आणि घर तारण द्यायला नाही म्हणालो होतो. तो दीड वर्ष माझ्याशी नीट बोलला नाही. नियम मुलीसाठी वेगळा नाही.

शिरोलीची भट्टी

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, वडिलांपासूनची. भाचीला एमबीएनंतर करायचंय काय, हे कुणीच विचारलेलं नाही.

कृष्णाकाठ

ती म्हणते, तुमच्यासारख्यांसाठीच काम करायचंय. कोल्हापूरच्या बऱ्याच भट्ट्या इंजिनाच्या कास्टिंगवर उभ्या आहेत. विजेच्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही. पुढे काय ओतायचं, कुणाला विकायचं, त्यासाठी भांडवल कसं उभारायचं, हे तिला शिकायचंय.

शिरोलीची भट्टी

मग तिने परदेशी कशाला जावं? हैदराबादला आयएसबी आहे, अहमदाबाद-बंगळूरच्या आयआयएममध्ये अनुभवी लोकांचा एक वर्षाचा कोर्स आहे. नाहीतर थेट आमच्याकडे यावं. आमच्याकडे गेल्या दोन वर्षांत एका मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर निम्म्यावर आली, मला आज माणूस हवाय. परदेशातून येणारी पोरं इथे परत येत नाहीत, ऐंशी लाखांचा हप्ता कोल्हापूरच्या पगारात बसत नाही. शाखाधिकारी आणि मी एकाच बाजूला आहोत.

मासकाठ

हाच प्रश्न तिला मुलाखतीत विचारतील, जवळजवळ याच शब्दांत. उत्तर तिचं तिनेच शोधायला हवं. मला एक दिसतं. जर्मनीतही असंख्य लहान, घरच्या मालकीच्या ओतशाळा आहेत आणि त्यांच्यापुढे हाच पेच आहे. तिथल्या वर्गात अशा कारखान्यांतली माणसं बाकावर शेजारी भेटतात, कोर्स साधारण वर्षभराचे, खर्च अमेरिकेच्या मानाने बराच कमी, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. मोठ्या नावामागे न लागता तिने हे पाहावं.

पुराबद्दल मात्र मी भाचीच्या विरुद्ध आहे. तिने तो लिहावा. स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं विचारतं की तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय आणि का. घर बुडालेल्या माणसाकडे त्याचं खरं उत्तर असतं.

हिंजवडीचा पाऊस

इथे मी भाचीच्या बाजूने. माझ्या कन्सल्टंटने माझ्या वडिलांच्या आजारपणावर निबंध लिहून घेतला होता. छापून हातात आला तेव्हा वाचवेना. नकारापेक्षा त्याचं जास्त लागलं. तिला नको असेल तर कुणीही गळ घालू नका.

कृष्णाकाठ

सगळं तिला वाचून दाखवलं. "पूर माझ्या एकटीचा नव्हता, अख्ख्या गल्लीचा होता. तो माझ्या अर्जाला का जोडायचा?" असं म्हणाली. बॅकलॉगसाठी तीन ओळी तिने लिहिल्यात, त्यात "घरात पाणी होतं, एक विषय राहिला, पुढच्या परीक्षेत सुटला" एवढंच. मोठा निबंध रात्रपाळीवर.

अमेरिका तिने काढून टाकली. मला वाईट वाटलं, तिला नाही. युरोपातली तीन आणि आयएसबी, अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत. त्याआधी जीमॅट एकदा पुन्हा देतेय. जुन्या प्लँट हेडनी पत्र स्वतः लिहायचं कबूल केलंय, पंधरा दिवस मागितलेत. घर तारण ठेवायचं नाही हे तिनेच सांगितलं. नावाजलेल्या कॉलेजांच्या यादीसाठी एक बँक तारणाशिवाय 40 लाखांपर्यंत द्यायला तयार आहे, त्यात बसेल तिथेच जायचं. शिरोलीकर, पुढच्या रविवारी ती तुमची भट्टी बघायला येऊ शकते का?

शिरोलीची भट्टी

या. रविवारी भट्टी बंद असते, सोमवारी सकाळी आलात तर ओतकाम बघायला मिळेल.

निवृत्त शाखाधिकारी

तारणाशिवायच्या कर्जाचा व्याजदर किती सांगितलाय, आणि तो फ्लोटिंग (बदलता) आहे का? सही करण्याआधी मला कागद दाखवा.