मदत हवी आहे: आईचे स्नायू सांभाळू की मूत्रपिंड?

आई ७१ वर्षांची, वजन ५२ किलो. पोथीला खाली बसली की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, पोटऱ्या तर पार सुकल्यात. उतारवयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत म्हणतात, म्हणजे तिला रोज ५२ ते ६२ ग्रॅम. आणि ती जेवते काय, तर भाकरी, पातळ वरण, ताक. त्यात महिन्याच्या दोन एकादशा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट! (दाण्याचं कूट तेवढं कामाला येतं.) अंड्याचं नावही काढायची सोय नाही.

खरी अडचण पुढे. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसलं की वाढतं ते) १.७ आलंय, म्हणजे जास्तच. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून आतड्यातले जिवाणू इंडोल बनवतात, यकृतात त्याचं इंडॉक्सिल सल्फेट होतं. थकलेल्या मूत्रपिंडाला ते नीट बाहेर टाकता येत नाही, रक्तात साठतं आणि स्नायूंच्याच मुळावर येतं, असं वाचलं. मग डाळ वाढवू की कमी करू? एक डॉक्टर म्हणतात प्रथिनं कमी, दुसरे म्हणतात पनीर द्या.

कुणाच्या घरी असंच आहे का? आहारतज्ज्ञांकडे जाताना कुठले रिपोर्ट न्यावेत? आणि खुर्चीतून ऊठबस रोज किती वेळा करून घेता?